शरदाच्या कार्डावर लाल पानं का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दरवर्षी दसऱ्याच्या आधी मी ठसे आणि शाईने तीस-चाळीस शुभेच्छापत्रं करते. ती मिळालेली माणसं कौतुकाने बोलतात आणि मग एक प्रश्न हमखास येतो : 'शरद ऋतूचं कार्ड ना, मग त्यावर लालकेशरी गळती पानं का नाहीत? दुकानात तयार ठसे मिळतात की.'

मिळतात, मी पाहिलेत. पण मी चोपड्यात राहते. गच्चीवर गेलं की उत्तरेला सातपुडा दिसतो, आणि आश्विनात तो हिरवा असतो. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की पानांतलं हरितद्रव्य मोडतं, आतला पिवळा रंग उघडा पडतो, काही झाडं वर लाल रंगही तयार करतात. म्हणून काश्मीरचा चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटल्यासारखा दिसतो. आपल्या डोंगरांत पानगळ होते ती पाणी आटल्यावर. साग उघडाबोडका होतो तो साधारण माघ-फाल्गुनात, पळस फुलतो त्या सुमाराला. आणि लाल पान म्हणाल, तर कुसुमाची नवी पालवी लालभडक असते, पिंपळाची तांबूस. म्हणजे आपल्याकडे लाली कोवळ्या पानाची. दुकानातली लाल पानं जर मी 'शरद' म्हणून छापली, तर कार्ड ज्या गावाला पाठवते त्या गावाचा ऋतू होईल कदाचित, पण जिथून पाठवते तिथला नाही.

आमचा शरद म्हणजे आपटा आणि कापूस.

आपट्याचं खरं पानच मी ठसा म्हणून वापरते. लांबीपेक्षा रुंदीला जास्त, टोकाशी दुभंगलेलं. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची मोठी पानं येतात, ती कार्डावर बसतही नाहीत. फांदी तोडायची गरज नाही, पाच-सहा पानं पुरतात. रात्रभर वहीत दाबून ठेवली की सपाट होतात, पण वाळून कडक होता कामा नयेत. शाई लावायची ती पानाच्या मागच्या बाजूला, कारण शिरा तिकडे उठून असतात. देठापासून पंख्यासारख्या फाकलेल्या शिरा कागदावर एकेक उमटतात. सोनेरी शाईचा एक ठसा उठवला की पुन्हा शाई न लावता तेच पान शेजारी दाबायचं, मग तिसऱ्यांदा. दुसरं फिकट, तिसरं अगदी पुसट. एका शाईत जवळचं पान, लांबचं पान असं सगळं होतं.

कापसाने मात्र मला तीन वर्षं दमवलं. पहिल्या वर्षी खोडरबरावर ब्लेडने गोलगोल झुबका कोरला आणि पांढऱ्या कागदावर राखाडी शाईने छापला. शेजारच्या आजींचं सगळं आयुष्य वेचणीत गेलेलं. त्यांनी कार्ड लांब धरून पाहिलं. 'हाऊ कापूस शे का ढग शे व?' मी म्हटलं, कापूस आहे आजी. त्यांनी नुसती मान हलवली. 'टोचत नही, तो कसाना कापूस?'

दुसऱ्या दिवशी शेतातून फुटलेलं बोंड आणून टेबलावर ठेवलं तेव्हा कळलं. कापूस चार-पाच पाकळ्यांत फुटतो, आणि खाली वाळलेलं तपकिरी टरफल तेवढ्याच फाकांनी उघडलेलं असतं. त्या प्रत्येक फाकेला काट्यासारखं टोक. वेचणाऱ्या बायांची बोटं त्यानेच सोलून निघतात. मी फक्त पांढरा भाग काढला होता, टरफल विसरले होते.

आता दोन ठसे आहेत. आधी टरफलाचा, गडद तपकिरी, साध्या पाण्यासारख्या शाईचा. ही शाई कागदात मुरते आणि लगेच वाळते. मग कापसाचा, दाट पांढऱ्या शाईचा. ही कागदावर बसून राहते, वाळायला वेळ घेते, आणि त्याचाच फायदा घ्यायचा. ती ओली असतानाच वर उठावाची (एम्बॉसिंग) पावडर भुरभुरायची, जादाची झटकून बाटलीत परत भरायची आणि कार्ड तापलेल्या तव्यापासून थोडं वर, पाठ खाली करून धरायचं. केस वाळवायच्या यंत्राने पावडर उडून जाते, वितळत नाही. तव्यावर अर्ध्या मिनिटात कणकण चकाकतात, एकमेकांत मिसळतात आणि कापूस फुगून वर येतो. तो क्षण मला दरवर्षी नवा वाटतो. कागद मात्र खाकी हवा, पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं? मी २५० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, घेते. ए-फोर मधोमध दुमडायचा, पण दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेनने पट्टीवरून रेघ ओढायची, नाहीतर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो.

आत 'सोनं घ्या' एवढाच मजकूर. अक्षरं खोडरबरावर उलटी कोरावी लागतात. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने सुलटी लिहून तो पालथा घालून घासला की ती आपोआप उलटी उतरतात. 'सोनं'वरचा अनुस्वार पहिल्याच कोरण्यात तुटून गेला. इतका लहान ठिपका रबरावर टिकत नाही. म्हणून तो मी काडेपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकाने, शाईत बुडवून, प्रत्येक कार्डावर वेगळा देते. चाळीस कार्डं म्हणजे चाळीस ठिपके, आणि तेवढ्यापुरतं ज्याला कार्ड जाणार त्याचंच नाव मनात असतं. छापील कार्डात ही जागा नसते, म्हणून मी विकत आणत नाही.

पोस्टाने पाठवायचं तर दोन कार्डांच्या मध्ये कोरा कागद ठेवा. एका वर्षी मी घाई केली, सोनेरी शाई पुरती वाळली नव्हती. पुण्याला भावाकडे पोचलेलं कार्ड उघडलं तर दोन्ही बाजूंना पान. त्याला ते आवडलं, मला नाही. तेव्हापासून निदान एक रात्र कार्डं उघडी पसरून ठेवते.

गेल्या दसऱ्याला पहिलं कार्ड आजींना दिलं. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी अंगठा कापसावरून फिरवला, उठाव चाचपला, आणि टरफलाच्या टोकाशी, जिथे नुसती सपाट शाई आहे तिथे, अंगठा आपसूक मागे घेतला.