चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

परीक्षा विभागाचे पत्र दोन ओळींचे होते: दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने लेखनिकाची, म्हणजे सांगितलेली उत्तरे लिहून देणाऱ्या मदतनिसाची, विनंती मान्य करता येत नाही. ते पत्र घेऊन वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह माझ्याकडे आली, तेव्हा शेवटच्या सत्राचा पहिला पेपर होऊन गेला होता आणि पुढचा तोंडावर आला होता. तिला मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमकुवत होत जाणारा आजार आहे. शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ३५ टक्के अशी नोंद होती आणि त्याखालीच, सलग लिहिताना बोटे आखडतात, असे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले होते. विद्यापीठाने फक्त आकडा वाचला. "मॅडम, उत्तरं येतात मला, पण पुरवणी मागायची वेळ येण्याआधीच हात थांबतो," असे ती म्हणाली.

मी वकिली करते आणि विद्यार्थ्यांची प्रकरणे माझ्याकडे बरीच येतात. तरीही ४० टक्क्यांची ही अट जिथे लागू नाही तिथे इतक्या सहजपणे लावली जाते, याचा मला आजही संताप येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये 'लक्षणीय दिव्यांगत्व' ही संकल्पना आहे आणि तिची किमान मर्यादा ४० टक्के आहे. उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के आरक्षण अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, हेही खरे. परंतु परीक्षेत लेखनिक, वाढीव वेळ आणि इतर योग्य बदल करण्याची जबाबदारी कलम १७ सांगते आणि तिथे टक्क्यांचा उल्लेखच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्धच्या प्रकरणात नेमके हेच स्पष्ट केले. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत असत आणि त्याचे दिव्यांगत्व अवघे ६ टक्के ठरवले गेले होते, तरी त्याला लेखनिक मिळण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. त्या निकालानंतर, १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांखालील, परंतु लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

रात्रीतून रिट याचिका तयार केली, सकाळी तातडीच्या सुनावणीची विनंती केली आणि दुपारी प्रकरण खंडपीठापुढे आले. विद्यापीठाच्या वकिलांचे म्हणणे असे की, एकदा ही अट शिथिल केली की कोणीही प्रमाणपत्र घेऊन येईल आणि लेखनिकाच्या आडून गैरप्रकार होतील. ही भीती मला पोकळ वाटत नाही, कारण परीक्षेची विश्वासार्हता टिकली नाही तर नुकसान सर्वच विद्यार्थ्यांचे होते. पण त्यावर उपाय आहेत: लिहिण्यास अडचण असल्याचे प्रमाणपत्र सरकारी आरोग्य संस्थेचे असावे लागते आणि शंका असल्यास संस्था स्वतःच्या यादीतील लेखनिक देऊ शकते. गैरवापर रोखण्याची व्यवस्था असताना सरसकट नकार देणे, म्हणजे आपले प्रशासकीय काम वाचवण्यासाठी एका मुलीचे गुण कापणे होय. मी हे जवळपास याच शब्दांत मांडले.

न्यायमूर्तींनी युक्तिवाद मध्येच थांबवून विद्यापीठाच्या वकिलांना विचारले, "पेपर लिहिण्यासाठी तिला नेमके काय लागते, हे तुमच्यापैकी कोणी तिला विचारले आहे का?" वकिलांनी फाईल चाळली आणि तशी नोंद नसल्याचे प्रामाणिकपणे सांगितले. त्यानंतर सुनावणी लांबली नाही. उर्वरित सर्व पेपरना लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास वाढीव वेळ द्यावा, असा अंतरिम आदेश झाला. आदेशाची प्रत हाती येईपर्यंत केंद्रप्रमुख दाद देणार नाहीत, ही वडिलांची काळजी रास्त होती. विद्यापीठाच्या वकिलांनी न्यायालयाच्या आवारातूनच परीक्षा विभागाला फोन केला, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

झालेल्या पेपरचा प्रश्न मात्र राहिला. एका विद्यार्थिनीसाठी फेरपरीक्षा घेण्याची तरतूद नाही, असे विद्यापीठाने सांगितले. मी नोव्हेंबर २०२१ मधील नीट परीक्षेसंबंधीच्या निकालाचा आधार घेतला. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यात अडचण आणणारे दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थिनीला त्या परीक्षेत वाढीव वेळ नाकारण्यात आला होता, आणि स्पर्धा परीक्षेत असे घडतेच म्हणून एका व्यक्तीवरील अन्याय विस्मरणात ढकलता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. मात्र तिची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश त्या निकालातही दिला गेला नव्हता. आमच्या प्रकरणात तारखा पडत गेल्या आणि शेवटी विद्यापीठाने तो पेपर पुरवणी परीक्षेबरोबर लेखनिकासह घेण्याचे मान्य केले. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, परंतु निकाल लागेपर्यंत पदव्युत्तर प्रवेशाची मुदत संपली होती. त्या प्रवेशासाठी आम्ही दुसरी याचिका दाखल केली असून ती अद्याप प्रलंबित आहे.