तुम्ही विचारलंत म्हणून: यातलं तुझं किती, तिचं किती?

आम्ही दोघी मिळून लिनोकट करतो, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा. त्यामुळे हा प्रश्न आम्हा दोघींना आलटून पालटून विचारला जातो, प्रदर्शनात तर हमखास. समोर लिनोकट लावलेला असतो, कुकर, पालथी घातलेली पातेली, वर दांडीवर वाळणारे टॉवेल, आणि खाली पेन्सिलीने दोन सह्या. मग लोक जरा आवाज खाली आणून विचारतात, पण खरं चित्र काढतं कोण?

ती काढते, मी कोरते, असं सांगून सुटता येतं, पहिलं वर्षभर मी तेच सांगायचे. पण ते तितकंसं खरं नाही. तिची रेघ केसासारखी बारीक, आणि लिनोवर तेवढी रेघ ठेवायची तर आजूबाजूचं सगळं खरवडून काढावं लागतं, हात जरा सटकला की कुकरची शिट्टी गेली. म्हणजे कुठली रेघ जगणार ते मी ठरवते, आणि त्यावरून आमची चांगली कडाक्याची भांडणं झालीत. आता ती काढतानाच माझा हात कसा चालतो ते लक्षात घेऊन काढते आणि मी तिला काय हवं असेल ते धरून कोरते, मग वाटणी करायची कुठून?

विषय घरातलेच का, तर दुपारी दोन ते चार आम्ही तिच्या ओट्यावर काम करतो, समोर दिसतं तेच येतं. छपाईचं प्रेस नाहीये. थंडीत लिनो कडक होतो म्हणून आधी उन्हात ठेवायचा, मग कोरायचा, मग शाई, वर कागद, आणि वरणाच्या डावाच्या पाठीने घासत बसायचं. (तो डाव आता वरणात जात नाही, काळजी नसावी.)

एकदा भाजी निवडणारी बाई केली. अकरा प्रती निघाल्यावर माझ्या जोडीदारणीच्या आईने बघितलं. "काय गं, ही गुजराती आहे का? पदर उजव्या खांद्यावर घेतलाय!" छाप उलटा येतो, ट्रेस करताना चित्र फिरवून घ्यायचं ते तिने केलं नाही आणि कोरताना तीन दिवस ते माझ्याही लक्षात आलं नाही. चूक कोणाची ते अजून ठरलेलं नाही. काकूंच्या फ्रिजवर एक प्रत आहे.

मेरी कसॅट आम्हाला फार जवळची वाटते. अमेरिकन बाई, राहायची पॅरिसमध्ये. 1890 मध्ये तिथे जपानी प्रिंट्सचं मोठं प्रदर्शन भरलं, ते बघून ती झपाटली आणि पुढच्याच वर्षी 10 रंगीत प्रिंट्सचा संच दाखवला, प्रत्येकाच्या 25 प्रती. आणि त्यात काय, तर पाकीट चिकटवणारी बाई, बाळाची आंघोळ, ड्रेसचं फिटिंग! छापायला लेरॉय नावाचा कारागीर सोबत होता, आणि तिने प्रतींखाली लिहून ठेवलं की हे कलाकाराने आणि मिस्टर लेरॉयनी मिळून छापलंय. ज्या जपानी प्रिंट्सवरून हे सुचलं तिथे काढणारा, कोरणारा, छापणारा सगळे वेगळे, पण नाव बहुतेक वेळा चित्रकाराचंच व्हायचं. मी कोरणारी, त्यामुळे मला ते जरा लागतंच.

म्हणून सह्या दोन. क्रमावरूनही वाद झाला होता, तो असा मिटवला की विषम नंबरच्या प्रतीवर तिची सही आधी, सम नंबरवर माझी. तुमच्याकडे 4/20 असेल, म्हणजे 20 पैकी चौथी, तर बघा, माझी आधी आहे.