किती येतील हिचे?

दुपारी जरा पाठ टेकली होती, तर शेजारच्या काकू पाचाची जुनी नोट घेऊन हजर. ट्रॅक्टरवाली. "फोनवर आलंय, हिला लाखो मिळतात म्हणे. किती येतील हिचे?"

"पाच," मी म्हटलं. काकू जरा घुश्शातच गेल्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं, की आमचं नाव वापरून जुन्या नोटांचे सौदे करणाऱ्यांच्या नादी लागू नका. पण सरकारी पत्रक वाचतो कोण!

नोट हातात आली की मी आधी सही बघतो. ही खोड मामामुळे लागली. मामा बँकेत कॅशियर. सुटीत त्याच्याकडे गेलो की जेवणं आटोपल्यावर तो गादीवर एक-एक रुपयाच्या नोटा मांडायचा. बाकीच्या नोटांवर गव्हर्नरची सही, एकाच्या नोटेवर मात्र वित्त सचिवाची. ती रिझर्व्ह बँकेची नव्हेच, भारत सरकारची. म्हणून तिच्यावर 'मैं धारक को' वगैरे वचनही नाही. मनमोहन सिंगांची सही रुपयावर सापडते आणि पुढे गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवरही. "याला म्हणतात बढती!" मामा दरवेळी तेवढ्याच उत्साहाने सांगायचा.

मग नोट दिव्यासमोर धरायची. पिनेची भोकं दिसलीच पाहिजेत. गड्ड्यांना स्टेपल मारणं रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये थांबवायला लावलं. त्याआधीच्या कोऱ्या करकरीत नोटांनाही बहुधा भोकं असतातच. तरी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचा चष्मा न्याहाळावा तसे आम्ही संग्राहक ती न्याहाळतो. मधोमध घडी पडली, भाव उतरला. धुऊन इस्त्री फिरवली, आणखी उतरला. म्हणजे जिने जन्मात पावशेर साखरही विकत घेतली नाही, ती नोट सगळ्यात महाग. हे मला अजून पटलेलं नाही. मला मळक्याच आवडतात, वॉटरमार्कच्या पांढऱ्या जागेत कुणी दुधाचा हिशेब मांडलेल्या. त्यांना कुणी विचारत नाही.

आणि आवडतात त्या व्हिक्टोरियाच्या काळातल्या कापलेल्या नोटा. टपालात पैसे गहाळ होण्याची धास्ती, म्हणून नोट मधोमध कापायची, एक अर्धी आधी पाठवायची, पोचल्याचं उत्तर आलं की दुसरी. नंबर दोन्ही अर्ध्यांवर छापलेला, त्यामुळे जोडी जुळवायला अडचण नाही. असा सबुरीचा व्यवहार आता कोण करतो?

नोटबंदीतल्या पाचशे-हजाराच्या नोटा २०१७ च्या कायद्याने कुणालाही दहापर्यंतच ठेवता येतात; आमच्यासारख्या नादिष्टांना पंचवीस. हे आठवायचं कारण मामी. ती गेल्यावर कपाटात, पैठणीच्या घडीत, हजाराच्या नोटा निघाल्या. कॅशियरच्या घरात, त्याच्या नकळत साठवलेल्या. नोटा बदलून मिळत होत्या तेव्हा मामी चांगली हिंडतीफिरती होती, घरात दुसरा विषय नव्हता, तरी ती बोलली नाही.

मामाने त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, "सात आहेत. ठेवायला हरकत नाही."