चाकांवरचं सिंहासन

नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (मुलांचा बायबलचा वर्ग) घ्यायला लागून मला वीसेक वर्षं झाली, आणि एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो: "सर, यहेज्केलाला दिसलं ते परग्रहावरचं यान होतं का?" यहेज्केल हा बायबलमधला संदेष्टा; त्याच्या पुस्तकाच्या सुरुवातीला चाकांवरच्या झळाळत्या सिंहासनाचं दर्शन आहे, त्याबद्दल हा प्रश्न. विचारणारा बहुधा आठवी-नववीतला, मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघून आलेला. पण परवा हेच एका निवृत्त बँक मॅनेजरांनी विचारलं, तेही मयतीहून परत येताना टपरीवर चहा पीत. तेव्हा ठरवलं, एकदा लिहूनच टाकावं.

यानाचं आधी उरकतो. नासात काम केलेल्या एका अभियंत्याने १९७०च्या दशकात यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आराखडे काढले. काढू देत. पण यान म्हटलं की ते कसं उडायचं, कुठून आलं, असले प्रश्न पडतात. यहेज्केलाला पडलेला प्रश्न फार वेगळा होता, आणि तो कळायला त्याची त्या वर्षीची अवस्था ठाऊक हवी.

यहेज्केल हा बूजी याजकाचा मुलगा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतलं आणि तरुण राजा यहोयाकीन, दरबारी मंडळी, लोहार-सुतार असे सगळे उचलून बाबेलला नेले. त्या लोंढ्यात हाही. बंदिवासाच्या पाचव्या वर्षी तो खबार नदीच्या काठी होता. नदी म्हणतो आपण, पण तिकडच्या निप्पूर या प्राचीन शहरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर 'नारू कबारी' नावाचा कालवा आहे, बहुधा तोच हा. पुस्तक उघडतं 'तिसाव्या वर्षी' या शब्दांनी. कशाचं तिसावं, ते लिहिलेलं नाही. बरेच अभ्यासक म्हणतात, त्याच्या वयाचं. मला ते पटतं, कारण बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात लेवी या उपासनेची सेवा करणाऱ्या घराण्यातल्या पुरुषांचं सेवेला लागायचं वय तीस दिलंय. म्हणजे ज्या वर्षी या पोराने मंदिरात रुजू व्हायचं, त्याच वर्षी तो मंदिरापासून शेकडो कोस लांब, परक्यांच्या कालव्याकाठी बसलेला.

आणि तिथे उत्तरेकडून वादळ येतं. ढग, ढगात लवलवती आग, आगीत झळाळणारं काहीतरी. या झळाळीला मूळ हिब्रूत 'हश्मल' म्हटलंय. आजच्या इस्रायलमध्ये विजेला हाच शब्द आहे, लाइटबिलावर छापतात तो! तर त्या आगीत चार जीव, प्रत्येकाला चार तोंडं: माणसाचं, सिंहाचं, बैलाचं, गरुडाचं. त्यांच्या शेजारी जमिनीवर चाकं, चाकात चाक, आणि धावांवर डोळेच डोळे.

चाकात चाक म्हणजे काय, हे फळ्यावर काढून कधी कुणाला कळलेलं नाही. म्हणून मी बायकोच्या दोन बांगड्या नेतो. काचेच्या एकदा नेल्या, त्याची किंमत मोजली, आता प्लास्टिकच्या. एक बांगडी उभी धरायची आणि तिच्यापेक्षा किंचित लहान बांगडी तिच्यात काटकोनात वळवून, पण उभीच, बसवायची. आता हे चाक पुढेही जाईल, बाजूलाही जाईल, वळायची गरजच नाही. 'जाताना ती वळत नसत' हे वाक्य पोरांना तेव्हा कुठे उमगतं. लहान बांगडी मात्र फार वेळ टिकत नाही, निसटते. मिश्ना या यहुदी धर्मग्रंथात बजावलंय की, रथाचा (या दर्शनाला यहुदी परंपरेत रथ म्हणतात) हा अध्याय एकट्या शिष्यालाही शिकवू नये, तो स्वतःहून समजणारा ज्ञानी असल्याखेरीज. आणि मी पंधरा पोरांपुढे बांगड्या घेऊन उभा!

त्या जीवांच्या डोक्यांवर स्फटिकासारखं छत, छतावर नीलमण्यासारखं आसन, आसनावर माणसासारखं दिसणारं कुणीतरी, भोवती पावसाळी ढगातल्या इंद्रधनुष्यासारखं तेज. हे सांगताना यहेज्केल पावलोपावली 'सारखं', 'जणू' करतो. शेवटी तर म्हणतो, हे परमेश्वराच्या गौरवाच्या प्रतिरूपासारखं दिसत होतं. थेट 'देव पाहिला' असं तो म्हणतच नाही. पालथा पडतो फक्त.

गौरवाला हिब्रू शब्द आहे 'काबोद', आणि त्याचं मूळ जडपणात आहे, वजनात. आपला 'गौरव' तरी कुठून आला? 'गुरु' म्हणजे जड, त्यावरून. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वर्गात खडू धरून नुसताच उभा राहिलो होतो. यरुशलेमातल्या लोकांना वाटत होतं, देवाचं हे वजन मंदिरात कायमचं टेकलंय, आता शहराला कोण हात लावतो! आणि बंदिवासातल्यांना वाटत होतं, आपण त्याच्या हद्दीबाहेर फेकले गेलो. इथे दिसतं ते असं की, सगळ्यात जड गोष्टीला चाकं आहेत. ती त्यांच्या आधी कालव्यावर हजर.

पुढे दहाव्या-अकराव्या अध्यायांत हेच तेज मंदिर सोडतं. मला सगळ्यात जिव्हारी लागतो तो हा भाग. ते एका झटक्यात जात नाही. आधी उंबरठ्यावर येतं, मग पूर्वेच्या वेशीशी थबकतं, मग शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर जाऊन उभं राहतं. मन निघत नसलेला पाहुणा जसा दारात दोनदा वळून बघतो, तसं. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास मंदिर जळलं ते त्यानंतर. त्रेचाळिसाव्या अध्यायात तेज पूर्वेकडूनच परत येतं, पण तेही दर्शनातच. परतलेल्या लोकांनी मंदिर पुन्हा बांधलं, त्या प्रसंगी या तेजाच्या मेघाने मंदिर भरल्याचं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

इथून पुढे मी ख्रिस्ती म्हणून बोलतो. यहुदी माणूस हे असं वाचणार नाही, आणि पुस्तक आधी त्याचं आहे. पूर्वेचा तो डोंगर म्हणजे जैतुनांचा डोंगर. त्याच्याच उतारावरून शिंगरावर बसून येताना येशू शहराकडे बघून रडला. योहान आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या कहाणीच्या पुस्तकात, लिहितो, शब्द (म्हणजे येशू) देही झाला, त्याने आमच्यात वस्ती केली, आणि आम्ही त्याचं गौरव पाहिलं. 'वस्ती केली'ला ग्रीकमध्ये तंबू ठोकण्याचा शब्द आहे. आसनावर माणसासारखं कुणीतरी, असं चाचरत सांगणाऱ्या यहेज्केलाला योहान जणू नाव पुरवतो. चार तोंडं म्हणजे चार शुभवर्तमानं, हा अर्थही जुना आहे, पण कुठलं तोंड कुणाचं यावर जुन्या धर्मगुरूंचंही एकमत नव्हतं. मी त्यात फार रमत नाही.

आमच्या वर्गातली एक मुलगी नर्स होऊन कुवेतला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. "सर, रविवारची उपासना शुक्रवारी चालते का हो?" मी तिला अकराव्या अध्यायाचं सोळावं वचन वाचून दाखवलं: ज्या देशांत ते गेले तिथे थोडा काळ मीच त्यांचं पवित्रस्थान झालो, असं परमेश्वर म्हणतो. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "सर, ती लहान बांगडी अजून निसटते का?"

निसटते.