पाच नंबर वाजत होता

सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये, लहान मुलांच्या आयसीयूत मी नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. त्या रात्री माझ्याकडे तीन मुलं होती. पाच नंबरच्या बेडला जतहून आलेलं चार महिन्यांचं बाळ, ब्राँकिओलायटिस (फुप्फुसातल्या बारीक नळ्यांची सूज), हाय फ्लो म्हणजे नाकातल्या नळीतून जोरानं दिलेल्या ऑक्सिजनवर. त्याचा मॉनिटर संध्याकाळपासून वाजत होता. जाऊन बघावं तर बाळ शांत झोपलेलं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९६ टक्के. सायलेंट करायचं आणि पुढच्या बेडकडे जायचं.

पहाटे तीनच्या सुमाराला मी शेजारच्या बेडची सिरिंज भरत होते. पाच नंबर पुन्हा वाजला. मी वळूनही बघितलं नाही. बाळाची आई वाटीत दूध काढून घेऊन आली होती. ती म्हणाली, “सिस्टर, ह्याचे ओठ निळं पडल्यात बघा की.” सॅच्युरेशन ७४. नाकातली नळी निसटून गालावर आली होती. सक्शन केलं, नळी नीट बसवली, बाळ सावरलं. पण अलार्म वाजत असताना मी तिथंच चार पावलांवर उभी होते.

सकाळी हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे मुलं सोपवणं, झाल्यावर इन्चार्ज सिस्टरना सगळं सांगितलं. रडूच आलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “वही घे. दोन आठवडे प्रत्येक अलार्म लिही, आणि का वाजला तेही.”

वहीतून जे निघालं ते बघून मी सुन्न झाले. पाच नंबरचा मॉनिटर मोठ्यांच्या सेटिंगवर होता. ठोक्यांची वरची मर्यादा १२०. चार महिन्यांच्या बाळाचे ठोके १३०-१४० असणारच! बंद करून चालू केला की तो पुन्हा तिथंच यायचा. दोन नंबरला जन्मतः हृदयदोष असलेली निळी मुलगी होती. तिचं नेहमीचंच सॅच्युरेशन ८० च्या आसपास, आणि अलार्म लावलेला ९० ला. तिला नवीन काही झालेलं नसतानाही तिचा मॉनिटर रात्रभर वाजत राहायचा. बाकीचे बरेचसे अलार्म पाय झाडल्यानं सैल झालेल्या प्रोबचे (सॅच्युरेशन मोजणारा, पायाला लावलेला सेन्सर) आणि वाळलेल्या इलेक्ट्रोडचे (ठोके मोजायला छातीवर चिकटवलेल्या पट्ट्या).

फिलाडेल्फियातल्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये याचा अभ्यास झाला, तो २०१५ साली छापून आला. आधीच्या दोन तासांत बिनकामाचे अलार्म जितके जास्त, तितकी नर्स पुढच्या अलार्मला उशिरा पोचते, असं त्यात दिसलं. हे वाचलं आणि थोडा धीर आला. तोवर मला वाटत होतं, माझीच माया आटली.

खरी झटापट पुढे होती. डॉक्टर म्हणाले, “मर्यादा ढिली केली आणि उद्या काही झालं तर?” त्यांची भीती खोटी नव्हती. शेवटी ठरलं की सकाळच्या राउंडला प्रत्येक मुलाच्या मर्यादा डॉक्टरांनीच केसपेपरवर लिहायच्या, आणि हँडओव्हरला दोन्ही सिस्टरनी मॉनिटरशी ताडून सह्या करायच्या. मोठ्यांचं सेटिंग कायमचं बदलायला पासवर्ड लागत होता. बायोमेडिकलचा, म्हणजे हॉस्पिटलची यंत्रं सांभाळणारा, माणूस दोन वेळा येऊन हात हलवत गेला, तिसऱ्यांदा काम झालं. इलेक्ट्रोड रोज बदलायचे, आधी कातडी ओल्या गॉजनं पुसून कोरडी करायची. प्रोबची जागा दर चार तासांनी बदलायची. औषध हळूहळू सोडणारा पंप सिरिंज संपत आली म्हणून ओरडायच्या आधीच पुढची सिरिंज भरून ठेवायची.

महिन्याभरानं फरक कानाला कळू लागला. अलार्म वाजला की आता पाय आपसूक तिकडे वळतात.

नाईटला मात्र एका सिस्टरकडे अजूनही तीन मुलं असतात, कधी त्यातलं एक व्हेंटिलेटरवर. खरं तर व्हेंटिलेटरवरच्या मुलाला एक सिस्टर पूर्णवेळ हवी. ते मॅनेजमेंटला वेगळं लिहून दिलंय, सोबत वहीच्या झेरॉक्स जोडल्यात. उत्तर यायचंय.