हॉलमधलं चित्र का काढलं, तुम्ही विचारलंत म्हणून

घरी येणारा प्रत्येकजण भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघतो आणि विचारतो, "अहो, ते मॅकटॅगर्टचं वादळ कुठे गेलं?" यंदा गणपतीतच चौघांनी विचारलं. काच फुटली, भिंतीला रंग द्यायचाय, अशा चौघांना चार थापा मारल्या. आता एकदाच काय ते सांगून टाकतो.

चित्र वाईट आहे म्हणून काढलेलं नाही, हे आधी. विल्यम मॅकटॅगर्ट काही हवा खायला समुद्रावर आलेला शहरी चित्रकार नव्हता. १८३५ साली स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मॅक्रिहॅनिशजवळ गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला माणूस. सुरुवातीला त्याने किनाऱ्यावरची पोरं, होड्या, असली गोड चित्रं काढली. मग समुद्र वाढत गेला आणि माणसं विरत गेली. १८९० च्या 'द स्टॉर्म'मध्ये तर किनाऱ्यावरची बायकामुलं शोधावी लागतात. "निसर्गापुढे माणूस एवढाच!" हे वाक्य त्या खिळ्याखाली उभं राहून मी पाहुण्यांना किती वेळा ऐकवलं असेल. तुमच्यापैकी काहींनी मानही डोलावली होती.

मग आई आली. हर्णैहून एडिनबराला, पहिल्यांदाच. मी हौसेने तिला नॅशनल गॅलरीत मूळ चित्रासमोर नेऊन उभं केलं. सहा फूट रुंद कॅनव्हास. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बायांना तोंडं का नाहीत?"

मी व्याख्यान सुरू केलं. वारा, प्रकाश, फटकारे. आवाज चढला असावा, कारण शेजारचे दोघे वळून बघायला लागले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"तुझा मामा आला नाही तेव्हा आम्ही दोन दिवस बंदरावर होतो. समुद्राकडे कोण बघतंय रे? समुद्र काय सांगणार? आम्ही एकमेकींची तोंडं बघत होतो. बातमी आधी तिथे येते. एखादीने पदर तोंडात धरला, की बाकीच्या मटकन खाली बसायच्या."

मामाबद्दल ती माझ्याशी एवढं कधीच बोलली नव्हती. आणि मी काय म्हणावं? "अगं, पण हा फोटो नाही, चित्र आहे." आठवलं की अजून कानशिलं तापतात. तिने पर्समधून विक्सची डबी काढली, नाकाला लावली आणि विचारलं, "इथे बसायला कुठे आहे?"

पुढच्या रविवारी मी एकटाच पूर्व किनाऱ्यावरच्या आयमाउथ या मच्छीमारांच्या गावी गेलो. १४ ऑक्टोबर १८८१ च्या वादळात त्या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार गेले, त्यातले १२९ एकट्या आयमाउथचे. काही होड्या तर बंदराच्या तोंडाशी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. तिथे शिल्पकार जिल वॉटसन यांचं ब्राँझचं स्मारक आहे, वाट बघणाऱ्या बायकामुलांच्या छोट्या मूर्ती. आणि त्या बघतायत कुठे? समुद्राकडेच! क्षणभर बरं वाटलं मला, म्हणजे आईचंच चुकलं. लगेच त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

ती परत गेल्यावर चित्र उतरवलं. तिच्या देखत नाही, हेही लिहून ठेवतो. ती काढ म्हणाली नव्हती. मग कुणासाठी काढलं? पाहुण्यांना ते वाक्य पुन्हा ऐकवायचं नव्हतं, एवढं नक्की. मॅकटॅगर्टवर राग नाही. त्याच्या जागी मी असतो तर ती तोंडं रंगवायला धजलो असतो का, कुणास ठाऊक. कधीकधी वाटतं, त्यालाही धीर झाला नसेल. कधी वाटतं, हे मी माझंच त्याच्या माथी मारतोय.

परवा आईनेच फोनवर विचारलं, "ते वादळ कुठाय?"

"कपाटामागे ठेवलंय."

"भिंतीला टेकवू नकोस," म्हणाली, "ओल लागेल."