मोत माउलीच्या वाटेवर

८ सप्टेंबर हा मारिया मातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याला मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा सुरू होते. ठाण्यातून काही मंडळी आदल्या रात्रीच चालत निघतात. यंदा त्यांच्यात मीही होतो.

मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चपाशी जमलो, तीन हात नाक्यावरून मुलुंड चेकनाका ओलांडला आणि एलबीएस रोड धरला. डोक्यावर मेट्रोचे खांब, पायाखाली खड्डे, मधूनच पावसाची सर. पुढच्यांनी सुरू केलेली रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मागच्यांपर्यंत पोचेस्तोवर एक ओळ मागे पडायची, पण थांबली मात्र नाही.

सोबत आमच्या चाळीतल्या मावशी होत्या, अनवाणी. आणि माझा ऑफिसातला मित्र, नगरकडचा, मिशनच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये वाढलेला. त्यांच्यात मारियेला नवस बोलत नाहीत. तो केवळ माझ्या सोबतीला आला होता. भांडुपला चहा घेताना त्याने विचारलंच, "मावशी, राग मानू नका, पण एवढं चालून पापातून तारण मिळतं का?"

"मिळवायला कोण चाललंय? नातू मरता मरता वाचला रे. आता घरी कशी बसू?"

पुढचा सगळा रस्ता मित्र आणि मी त्यावरच बोलत होतो. बायबलमध्ये पौल रोमकरांना लिहितो की माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांनी नव्हे, विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो. याकोब बजावतो की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने तर १५२२ साली याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. पण गंमत बघा, साक्षीला दोघेही अब्राहामालाच उभा करतात. पौल धरतो बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा १५ वा अध्याय: पदरी मूल नाही, देव आकाशातले तारे दाखवून वचन देतो आणि हा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. याकोब धरतो २२ वा: मुलगा इसहाक चालता-बोलता झालाय आणि देवाने मागितला म्हणून बाप त्याचा बळी द्यायला मोरियाच्या डोंगराकडे निघालाय. मधे किती वर्षं लोटली! देवाने त्याला नीतिमान गणलं ते आधीच. तो विश्वास किती खरा होता ते डोंगरावर दिसलं. पौल आणि याकोब एकाच आयुष्याची दोन टोकं धरून बोलतात, असं मला ठाम वाटतं. आणि त्याच्याही आधी, १२ व्या अध्यायात, देवाने 'नीघ' म्हटल्यावर तो हारान सोडून चालू लागला होता. कुठे जायचंय ते ठाऊक नसताना, असं इब्री लोकांस पत्र सांगतं.

मित्राचा समज असा की कॅथलिक लोक कर्मांनी स्वर्ग कमावतात. हा समज आम्हा कॅथलिकांतल्याच कित्येकांचाही आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजीच्या निर्णयात साफ म्हटलंय की नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, विश्वास असो की कर्म, ती कृपा कमवू शकत नाही. मित्र म्हणाला, ल्यूथरही सत्कृत्यं टाका म्हणाला नव्हता. चांगली कामं माणसाला चांगला करत नाहीत, चांगला माणूस चांगली कामं करतो, इतकंच त्याचं म्हणणं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघाने यावर एकत्र सही केली: तारण केवळ कृपेने, आपल्या लायकीमुळे नव्हे, आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी बळ देते.

विक्रोळीला मावशींच्या टाचेवरचा फोड फुटला. मित्राने त्यांना पेट्रोल पंपाच्या उजेडात कठड्यावर बसवलं, बाटलीतल्या पाण्याने पाऊल धुतलं, रुमालाने टिपून पट्टी लावली आणि स्वतःचे मोजे काढून त्यांच्या पायांत चढवले. मावशी नको नको म्हणत होत्या. उपाशी, उघड्या भावाला नुसतं 'खुशाल जा, ऊब घे' म्हणून काय उपयोग, हे याकोबाचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या रात्री ते जगणारा माणूस 'केवळ विश्वास' मानणारा होता.

घाटकोपर, कुर्ला, बीकेसीचे रिकामे रुंद रस्ते, कलानगर. हिल रोडला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. चढावर नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली दुकानं. 'एवढं दिलं की एवढं मिळतं' असा हिशेब तिथे सहज मनात शिरतो. तो शिरू द्यायचा नाही, आणि कोणी मेणाचं बाळ घेतलं म्हणून त्याची श्रद्धा खोटीही ठरवायची नाही. मावशींनी एक बाळ घेतलं. मित्राने मेणबत्ती लावली नाही. मावशींच्या डोक्यावर छत्री मात्र धरून राहिला.

एक गाठ आमची सुटलेली नाही. कृपेने झालेल्या कामांनाही देव पुढे बक्षीस देतो, असं आमचं चर्च शिकवतं. मित्राला त्यात पुन्हा कमाईचा वास येतो. मी मत्तयाचा २५ वा अध्याय काढला, जिथे ख्रिस्त म्हणतो, 'मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं'. मित्र म्हणाला, त्या खायला देणाऱ्यांना तर आपण काही केल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. परतीच्या लोकलमध्ये दादरला गाडी बदलून थेट ठाण्यापर्यंत आम्ही यावर वाद घालत होतो, आणि मावशी खिडकीशी गाढ झोपल्या होत्या.